अभ्यासक्रम कुणी ठरवायचा?

रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲपवर 62 पानांची पीडीएफ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता विद्यापीठात अभ्यास मंडळाची, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीची, बैठक होती आणि त्यासाठी मला पहाटे साडेपाचची एसटी पकडायची होती. मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. विभागप्रमुखांच्या मतदारसंघातून निवडून येऊन मी मंडळावर गेले होते. एसटीत बसल्यावर ती पानं वाचायला घेतली आणि लक्षात आलं, की दुसऱ्या वर्षाच्या पेपरातून शेतीमालाचा बाजार आणि बाजार समित्या हे अख्खं प्रकरण गळालंय. आमच्या वर्गातली निम्मी मुलं ज्या घरांतून येतात, तिथं सोयाबीनला काय भाव लागला यावर पोराची परीक्षा फी भरली जाणार की नाही हे ठरतं.

बैठकीत मी विचारलं, हे प्रकरण कुणी काढलं? अध्यक्ष माणूस म्हणून चांगले होते. ते म्हणाले, ‘‘मॅडम, क्रेडिटचा ढाचा वरून आलाय. आपण त्यात फक्त विषय बसवायचेत. आणि आज मंजूर झालं नाही तर विद्या परिषदेची तारीख चुकेल.’’ मी म्हटलं, ‘‘मग निदान माझी हरकत इतिवृत्तात नोंदवा.’’ पंधरा दिवसांनी इतिवृत्त आलं. त्या विषयासमोर एक ओळ होती : ‘सखोल चर्चेअंती सर्वानुमते मान्यता देण्यात आली.’

ती ओळ मला अजून टोचते. विद्यापीठात काय शिकवायचं आणि ते कसं तपासायचं, हे शिकवणाऱ्यांनी ठरवायला हवं, आणि तेही निवडून आलेल्या शिक्षकांच्या बहुमतानं, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्रात हा हक्क शिक्षकांना पुरता कधी मिळालाच नाही. जेवढा मिळाला होता, तोही आमच्या डोळ्यांदेखत आक्रसत गेला. त्यात सरकारचा दोष आहे तसा आमचाही आहे, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय हा विषय पुढं सरकणार नाही.

मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघालं, म्हणजे मुळात ती परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी कचेरी होती. शिकवणं कॉलेजांत चाले, नियम मुंबईच्या फोर्ट भागातल्या विद्यापीठात ठरत. सिनेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य सभेवर, सरकारनं नेमलेले ‘फेलो’ म्हणजे सदस्य असत आणि ही नेमणूक तहहयात असे. कुलगुरूपदी बहुतेक न्यायाधीश किंवा बडे अधिकारी. काशिनाथ त्रिंबक तेलंग हे पहिले भारतीय कुलगुरू, तेही हायकोर्टाचे न्यायमूर्ती. त्यांच्यानंतर 1893 मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. ज्याचं उभं आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेलं असा माणूस त्या खुर्चीवर बसला, ही त्या काळात नवलाईची गोष्ट होती.

तरीही त्या सिनेटमध्ये वाद होत, आणि ते खरे वाद असत. मराठीचंच घ्या. सुरुवातीला विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना जागा होती. 1860 च्या दशकात अभिजात भाषांचा आग्रह धरून ती काढून घेतली गेली. न्यायमूर्ती रानडे या विद्यापीठाचे अगदी पहिल्या तुकडीचे, 1862 चे पदवीधर, आणि पुढं फेलो. मराठी पुन्हा आत यावी म्हणून त्यांनी सिनेटमध्ये वर्षानुवर्षं ठराव, समित्या, टिपणं असा पाठपुरावा केला. एम.ए.ला मराठीचा शिरकाव झाला तो त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस. अभ्यासक्रमातला एक विषय परत मिळवायला एका माणसाची हयात गेली, पण हरकत घ्यायला जागा होती आणि ती हरकत कागदावर राहत होती.

मग व्हाइसरॉय कर्झन आला. 1904 च्या विद्यापीठ कायद्यानं मुंबईच्या सिनेटवरची फेलोंची संख्या जास्तीत जास्त 100 वर आणली, मुदत पाच वर्षांची केली आणि त्यातले फक्त 20 निवडून येतील असं ठरवलं. बाकी सगळे नेमलेले. आज वाचताना त्यातला युक्तिवाद ओळखीचा वाटतो. सिनेटमध्ये वकिलांचा आणि शिक्षणाशी संबंध नसलेल्यांचा बुजबुजाट झालाय, तिथं शिक्षणतज्ज्ञ हवेत, असं सरकारचं म्हणणं होतं. म्हणजे कायदा शिक्षकांच्या नावानं आला होता! पण तज्ज्ञ कोण हे सरकार ठरवणार, आणि तेव्हा ते बहुधा सरकारी कॉलेजांतले युरोपियन प्राध्यापक असणार, हे सगळ्यांना दिसत होतं. गोपाळ कृष्ण गोखले त्या विधेयकाविरुद्ध कायदेमंडळात उभे राहिले. ते स्वतः फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षं वर्ग घेतलेले शिक्षक. शिक्षकाला कारभारात जागा मिळण्याला त्यांचा विरोध कसा असेल? त्यांचा विरोध नेमलेल्या तज्ज्ञांच्या संकुचित राज्याला होता. पुढं या कायद्याखालच्या हंगामी सिंडिकेटांच्या (कार्यकारी मंडळांच्या) अधिसूचना कायद्यात बसत नाहीत म्हणून मुंबईत प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हा सरकारनं 1905 मध्ये त्या मागच्या तारखेपासून वैध ठरवणारा वेगळा कायदाच करून टाकला. गोखल्यांनी त्यालाही विरोध केला.

याच काळात पुण्यात शिक्षकांनी एक वेगळी गोष्ट करून दाखवली होती. तिच्याकडं आपण नुसतं त्यागाची कहाणी म्हणून बघतो. मला ती कारभाराची कहाणी वाटते.

1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं. या संस्थेचं मालक मंडळ म्हणजे तिथं शिकवणारे शिक्षकच. त्यांना आजीव सदस्य म्हणत. वीस वर्षं संस्थेत शिकवायचं, महिन्याला 75 रुपये घ्यायचे आणि संस्थेचा कारभार एकमेकांच्या संमतीनं चालवायचा. वेळापत्रक कसं असावं, नवा सदस्य कोण घ्यावा, देणगी कुणाकडं मागावी, प्राचार्य कोण, हे सगळं शिक्षकच ठरवीत. वामन शिवराम आपटे, त्यांच्यानंतर आगरकर, पुढं 1902 पासून रँग्लर परांजपे हे प्राचार्य या आजीव सदस्यांतलेच. आपल्याच पोरांना गणित शिकवणारा माणूस संध्याकाळी बसून संस्थेचा हिशेब तपासत होता.

आणि हे सगळं गोडीगुलाबीनं चाललं असं अजिबात नाही. टिळक 1890 मध्ये सोसायटीतून बाहेर पडले ते याच कारभारावरून. आजीव सदस्यानं आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा की बाहेर इतर कामं करावीत, बाहेरून मिळालेले पैसे कुणाचे, पगार वाढवावा का, यावर सदस्यांत दोन तट पडले होते. गोखल्यांनी सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेचं चिटणीसपद घेतलं आणि ताणलेली दोरी तुटली. टिळकांनी राजीनाम्यासोबत आपली बाजू सविस्तर लिहून दिली. म्हणून तो वाद कशाबद्दल होता हे सव्वाशे वर्षांनंतरही आपण सांगू शकतो. तिथं कुणी ‘सर्वानुमते’ लिहून वाद मिटवून टाकला नाही.

या स्वराज्याची मर्यादाही स्पष्ट होती. ते एका शहरातल्या, एका वर्गातल्या, जवळजवळ एकाच जातीतल्या पुरुषांचं होतं. त्याच काळात जोतीराव फुल्यांनी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढं दिलेलं निवेदन वाचलं, तर उच्च शिक्षणाच्या या उजेडाबाहेर कोण होतं हे कळतं. शिक्षकांचं राज्य पुण्यापुरतं न राहता जिल्ह्यात आणि तालुक्यात जायचं, तर त्याला निवडणूक लागणार होती. ओळखीनं होणारी निवड तिथं पुरी पडली नसती.

ते घडायला स्वातंत्र्यानंतरही बराच काळ गेला. 1949 ला पुणे, 1958 ला मराठवाडा, 1962 ला शिवाजी अशी विद्यापीठं निघाली. पहिल्या कुलगुरूंमध्ये पुण्यात बॅरिस्टर जयकर होते, औरंगाबादेत डोंगरकेरी, कोल्हापुरात इतिहासाचे अभ्यासक अप्पासाहेब पवार. माणसं मोठी होती, पण प्रश्न त्यांच्या मोठेपणाचा नव्हता. मुंबईचे कुलगुरू असताना न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांच्या कारभारावर समिती नेमली. शिक्षकांचा आणि विद्यार्थ्यांचाही कारभारात वाटा असावा, ही गोष्ट तोवर गांभीर्यानं बोलली जाऊ लागली होती. 1974 मध्ये राज्यातल्या विद्यापीठांचे नवे कायदे झाले. त्यानंतर प्राध्यापक संघटनांचं बळ वाढलं. व्यवस्थापनाच्या लहरीवर नोकरी अवलंबून असलेला ग्रामीण प्राध्यापक पहिल्यांदा सिनेटमध्ये उभा राहून संस्थाचालकासमोर बोलू लागला. माझे एक ज्येष्ठ सहकारी सांगत, की पहिल्यांदा विद्यापीठाच्या सभागृहात माइक हातात आला तेव्हा त्यांचा आवाज फुटेना, कारण समोरच्या रांगेत त्यांच्याच संस्थेचे अध्यक्ष बसले होते. तरी ते बोलले. त्यांना तिथं कुणी मेहेरबानीनं बसवलं नव्हतं.

1994 च्या कायद्यातही विद्याशाखेचा अधिष्ठाता (डीन) निवडून येत असे. 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला आणि चित्र पालटलं. अधिष्ठाता आता पूर्णवेळ, निवड समितीतून नेमलेला. अभ्यास मंडळावर विभागप्रमुखांमधून निवडून येणारे तिघे, आणि त्याहून जास्त सदस्य कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले. अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, शिक्षकांच्या 10 जागा निवडणुकीच्या राहिल्या, त्यांत राखीव जागाही आहेत, आणि ती मोठीच गोष्ट आहे. पण अधिसभा वर्षातून दोनदा भरते, अर्थसंकल्पावर बोलते आणि उठते. वर्गात काय शिकवायचं हे अभ्यास मंडळात आणि विद्या परिषदेत ठरतं. नेमकं तिथंच निवडून आलेल्यांचं बळ कमी झालं. 1904 ला ज्या तत्त्वाविरुद्ध गोखले लढले, ते आपणच निवडलेल्या विधिमंडळानं कायद्यात आणलं, आणि आम्ही प्राध्यापकांनी त्यावर मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. त्याआधी 2013 मध्ये वेतनाच्या थकबाकीसाठी परीक्षांवर बहिष्कार टाकला होता, तो मात्र सगळ्या राज्याला आठवतो. ती मागणी न्याय्य होती. पण पगारासाठी एवढं भांडणारे आम्ही अभ्यासक्रमासाठी गप्प का बसलो, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

शिकवणाऱ्यांना बाजूला ठेवून निर्णय घेतला की काय होतं, हे 2017 च्या उन्हाळ्यात मुंबईनं पाहिलं. सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरलं आणि परीक्षा तोंडावर आलेल्या असताना ते अमलात आणलं गेलं. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका. त्या स्कॅन होऊन पडद्यावर येणार, प्राध्यापकांनी तिथं गुण भरायचे. पानं अर्धवट स्कॅन झालेली, पुरवण्या गायब, सर्व्हर बंद. कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, दिलेली 31 जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, पुढच्या प्रवेशासाठी ताटकळलेली मुलं फोर्टात फेऱ्या मारत राहिली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. 160 वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. तंत्रज्ञान मुळातच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रावर, ज्यांनी वर्षानुवर्षं गठ्ठे तपासलेत, अशा निवडून आलेल्या शिक्षकांपुढं हा प्रस्ताव मोकळेपणानं आला असता आणि त्यांना ‘नको’ म्हणायचा अधिकार असता, तर निदान एका विद्याशाखेवर आधी करून बघू, एवढं तरी झालं असतं.

आता आमच्या बाजूची गोष्ट. निवडणुका होत्या तेव्हा आम्ही त्यांचं काय केलं? पॅनलं उभी केली. कोणत्या संस्थेची किती मतं, कोणत्या जातीची किती, हे वहीत मांडलं. निवडून आल्यावर महाविद्यालयांची पाहणी करणाऱ्या स्थानिक चौकशी समित्यांवर आपल्या माणसांची वर्णी लावली, प्रश्नपत्रिका काढण्याची आणि मॉडरेशनची (तपासलेले पेपर पुन्हा बघण्याची) कामं गटात वाटली. अभ्यास मंडळाच्या जागा म्हणजे प्रवासभत्त्याची सोय, असं समजणारेही होते. कुंपणानंच शेत खाल्लं. 2016 च्या कायद्याला विरोध झाला नाही त्याचं एक कारण हेही, की निवडणुका गेल्या तर बरंच होईल असं बऱ्याच सामान्य प्राध्यापकांना मनातून वाटत होतं. आमच्याच स्टाफरूममध्ये हे मी कानांनी ऐकलंय.

तरीही नामनिर्देशन हा त्यावरचा उपाय नव्हे. गटबाजी त्यानं संपत नाही, फक्त जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्टाफरूममधून उठून एका केबिनबाहेर येऊन बसते. निवडून आलेल्या वाईट सदस्याला पाच वर्षांनी मतदारांच्या दारात यावं लागतं. नेमलेल्या चांगल्या सदस्यालासुद्धा ज्यानं नेमलं त्याच्याकडं बघावं लागतं. माझ्या बैठकीत नेमलेले सदस्य विद्वान होते, त्यातल्या एकीनं चहाच्या वेळी मला हळूच सांगितलं, ‘‘तुमचं बरोबर होतं हो.’’ बैठकीत त्या बोलल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांना बोलायचं बळ देणारी रचनाच नाही, हे माझं गाऱ्हाणं आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही राज्यानं हेच केलं. निवडणुकांत हिंसा झाली, म्हणून 1994 च्या कायद्यानं थेट निवडणुकाच काढून टाकल्या. निवडणूक नीट घेण्यापेक्षा ती न घेणं प्रशासनाला सोपं जातं. मुंबईच्या अधिसभेची पदवीधरांची निवडणूक 2022 पासून रखडत, जाहीर होऊन स्थगित होत, शेवटी हायकोर्टाच्या आदेशानं 24 सप्टेंबर 2024 ला झाली. मत द्यायला कोर्टात जावं लागतं, तिथं विद्यापीठाची स्वायत्तता हा शब्द उच्चारायलाही जड जातो.

आणि ही ओढाताण एका पक्षाची नाही. 2021 च्या डिसेंबरमध्ये तेव्हाच्या राज्य सरकारनं मंत्र्यांना प्र-कुलपती करणारी आणि कुलगुरू निवडीत सरकारचा हात वाढवणारी दुरुस्ती मंजूर करून घेतली. सरकार बदललं आणि पुढच्यांनी ती मागं घेतली. मग जानेवारी 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मसुद्यानं कुलगुरू निवडीची सूत्रं कुलपतींच्या हाती देण्याचं सुचवलं. कुलगुरू मुंबईतल्या राज्य सरकारनं निवडायचा की दिल्लीनं, यावर अग्रलेख येत राहिले. शिक्षकांना त्यात काही विचारावं, हे दोन्हीकडच्या कुणाला सुचलं नाही.

मी मागते ते फार नाही. अभ्यास मंडळात आणि विद्या परिषदेत निवडून आलेल्या शिक्षकांचं स्पष्ट बहुमत असावं. मसुदा निदान महिनाभर आधी सगळ्या महाविद्यालयांच्या विभागांकडं जावा. हरकत घेणाऱ्याचं नाव आणि कारण इतिवृत्तात छापलं जावं. नामनिर्देशित तज्ज्ञ जरूर असावेत, पण सल्ल्यापुरते. आणि जो अभ्यास मंडळावर असेल त्याला परीक्षेच्या आणि समित्यांच्या मोबदल्याची कामं त्या मुदतीत मिळू नयेत. ही शेवटची अट आमच्यातल्याच पुष्कळांना रुचणार नाही. ती नसेल तर बाकी सगळं पुन्हा जुन्या वळणावर जाईल.

पण याहून मोठी अडचण मतदार यादीची आहे. विद्यापीठ कायद्याच्या लेखी शिक्षक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक. 2017 मध्ये राज्यानं भरती थांबवली. पुढच्या वर्षी 3580 सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मंजुरी मिळाली खरी, पण निवृत्तीनं रिकाम्या होणाऱ्या जागा त्याहून वेगानं वाढत गेल्या. त्या जागांवर तासिका तत्त्वावर माणसं आहेत. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली, तासाच्या हिशेबानं पैसे मिळणारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच न मिळणारी. वर्ग ती घेतात, पेपर ती तपासतात. मत त्यांना नाही. उद्या सगळ्या जागा निवडणुकीच्या झाल्या तरी निवडणार कोण, हा प्रश्न उरतोच.

माझ्या विभागात मी एकटी पूर्णवेळ आहे. माझ्यासोबत दोघं तासिकेवर आहेत. त्यातला एक गेली नऊ वर्षं दुसऱ्या वर्षाचा तो पेपर शिकवत होता. दर हंगामात सोयाबीन यायला लागलं की तो मुलांना बाजार समितीच्या आवारात घेऊन जायचा. लिलाव कसा लागतो, ओलाव्याची टक्केवारी धरून भाव कसा पाडला जातो, हमाली आणि तोलाई कुणाच्या माथी जाते, हे मुलं वहीत उतरवून आणायची. काही जणांनी तर आपल्याच बापाच्या पावत्या आणल्या होत्या. बैठकीहून परतल्यावर मी त्याला सांगितलं, की प्रकरण गेलं. त्यानं विचारलं, ‘‘मॅडम, तिथं कुणी विचारलं का, हे शिकवतं कोण?’’

पुढच्या निवडणुकीची तात्पुरती मतदार यादी येईल तेव्हा आमच्या महाविद्यालयाच्या पानावर माझं नाव नसेल, कारण तोवर मी निवृत्त झालेली असेन. त्याचंही नसेल. मंगळवारी तो मुलांना घेऊन पुन्हा बाजार समितीत गेला होता. अभ्यासक्रमात नसताना.